हारकूमावशी आणि हसुरामची होडी

पापलेट दाबून बघणाऱ्या बाईवर हारकूमावशी जे काय खेकसायची, ते सगळं इथे छापण्यासारखं नाही. त्यातल्या त्यात सभ्य वाक्य म्हणजे, “दाबू नको गो, नवरा नाय तुझा तो!” मार्वे रोडच्या मासळी बाजारात तिच्या पाटासमोर उभं राहायचं तर हात मागे ठेवायचे आणि ती काढून देईल ते घ्यायचं, अशी रीत होती. मी लग्न होऊन मालाडला आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेत शिकवणारी, तोंडाने फटकळ, आणि गेल्या गेल्या सुरमईचे कल्ले उघडून बघायला लागले. तिने कोयत्याच्या मुठीने माझ्या बोटांवर टकटक केलं. म्हणाली, “मास्तरीण हायस ना तू? मग पोरांची परीक्षा घे जा. माझ्या मच्छीची नको घेऊ.” मी मास्तरीण आहे हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी इतकी चिडले की समोरच्या पाटावरून मासे घेतले. ते वास मारत होते. दुसऱ्या दिवशी निमूट तिच्याकडे गेले, आणि मग आयुष्यभर तिच्याकडेच जात राहिले.

ती मनोरीची. सकाळी फेरीबोटीने मार्व्याला उतरायची आणि पाटी घेऊन बाजारात यायची. काष्टी नेसलेली, अंबाड्यात अबोलीची वेणी, दोन्ही हातांत कोपराकडे चढत गेलेल्या हिरव्या बांगड्या आणि कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू. ते कुंकू घामाने कधी ओघळलेलं मी पाहिलं नाही. दुपारी बाजार ओसरला की ती पाटाखालून एक छोटा आरसा काढायची आणि आधी कुंकू नीट करायची, मग भाकरी खायची. भाकरी राहिली तरी चालेल, पण कुंकू नाही.

गिऱ्हाइकाशी तिचं बोलणं मोजकं. “बोल पटकन, बरफ वितळतो.” हे वाक्य ती सगळ्यांना ऐकवायची. भाव करणाऱ्याला, सुनेच्या तक्रारी सांगत बसणाऱ्या बायकांना, आणि एकदा तर निवडणुकीत हात जोडून उभ्या राहिलेल्या उमेदवारालासुद्धा. तो बिचारा खरोखर पटकन बोलून निघून गेला.

आणि खोटं? छे! खोटं म्हणून बोलायची नाही ती. धंद्यात एवढं खरं बोलून कसं चालतं, मला कळायचं नाही. “मावशी, आजचे ना बोंबील?” असं कुणी विचारलं की म्हणायची, “कालचे हायत. आजचे पायजेत तर आज ये. म्हणजे उद्या ये.” गिऱ्हाईक गोंधळून शेजारच्या पाटावरच्या पुष्पाकडे जायचं. एकदा पुष्पा कुणाला तरी सांगत होती की कोळंबी सकाळीच मनोरीला उतरली. हारकूमावशी इथून ओरडली, “काय गो, मी मनोरीतच ऱ्हाते ना? मला नाय दिसली ती उतरताना!” झालं! बाजारात अशी जुंपली की विचारू नका. पुष्पाने वर्षभर अबोला धरला. हारकूमावशीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिचं एकच, “तोंडातून खोटं गेलं ना बाय, की दिवसभर जीभ कडू ऱ्हाते.”

मी तिला एकदा सहज विचारलं होतं, “घरी कोण कोण असतं?”

“मुलगी. लग्न होऊन गावातच दिलीय. आणि मालक समुद्रावर गेलेत.”

कोळ्याचा माणूस, समुद्रावर जाणारच. त्यात विचारण्यासारखं काय होतं? पुढेही कधी विषय निघाला तर हेच उत्तर यायचं, “मालक समुद्रावर गेलेत.” मीही मान डोलवायचे आणि पिशवी पुढे करायचे. किती वर्षं मी अशी मान डोलवली, आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

तिचं एक वेड मात्र बाजारात सगळ्यांना माहीत होतं. होडीचं चित्र दिसलं की ती हातातलं काम टाकायची. मासे बांधायला आणलेल्या रद्दीत कुठे समुद्रकिनाऱ्याचा फोटो असला तर त्या कागदात मासे बांधले जायचे नाहीत. तो कागद ती उन्हाकडे धरून डोळे बारीक करून बघायची, मग घडी घालून ठेवायची. गिऱ्हाइकांकडे मोबाईल आल्यावर तर तिला रानच मोकळं मिळालं. कुणी अलिबागला चाललंय, कुणी वसईला लग्नाला, कुणी मढला सुट्टीला, प्रत्येकाला हिचं सांगणं असायचं, “होड्यांचं फोटू काढून आण. लाकडाच्या, लहान. मोठं ट्रॉलर नको मला.” बायका हसत, पण आणत. तिच्या कामाची लोकांना गंमत वाटायची. एकाने चक्क परदेशातल्या भल्यामोठ्या जहाजाचा फोटो दाखवला. तिने तो गंभीरपणे पाहिला आणि म्हणाली, “ही नाय.” आम्ही किती हसलो त्या दिवशी. ती नाही हसली. कोयता घेऊन मांदेली साफ करायला लागली.

माझा नवरा गेला तेव्हा मला तिची खरी गोष्ट कळली.

तो घरातच गेला. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपला. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, मुलगी पुण्याला परतली. मी मासळी बाजाराकडे फिरकलेच नाही. दोन माणसांचे मासे आणायची सवय, आता एकटीचे काय आणायचे! एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात हारकूमावशी, डोक्यावर पाटी, धापा टाकत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी राहते चौथ्या मजल्यावर. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. तेल कुठे, तांदळाचं पीठ कुठे, एवढं विचारलं आणि बोंबील तळायला घेतले. मी म्हटलं, “मावशी, मला नाही जाणार घशाखाली.” तिने ताट माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसली.

मी रडायला लागले. इतक्या दिवसांत अशी रडले नव्हते. तिने मला थोपटलं वगैरे नाही. बघत बसली. मग म्हणाली, “रड. तुला रडायला जागा हाय. तुझा माणूस तुझ्या घरात गेला. तू त्याला न्हाऊ घातलंस, पोचवलंस. माझा समुद्रावर गेलाय तो अजून आलाच नाय.”

“अजून म्हणजे?”

“माझी प्रतिमा पाळण्यात होती तवापासनं.”

प्रतिमा म्हणजे तिची मुलगी. प्रतिमाची स्वतःची मुलं तेव्हा शाळेत जात होती. मी घास हातात धरून तशीच बसून राहिले.

मग तिने सांगितलं. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या नुकत्या पाण्यात गेल्या होत्या. तिच्या नवऱ्याची लहान होडी होती, घरची, स्वतःच्या पैशाने बांधलेली. बरोबर जाणारा भाऊ तापाने फणफणला म्हणून तो एकटाच जाळं उचलायला गेला. दुसऱ्या दिवशी होडी गोराईच्या बाजूला तिवरांत अडकलेली सापडली. आत जाळं होतं, डब्यात भाकरी होती, पाण्याचं मडकं होतं. माणूस तेवढा नव्हता. गावाने किनारा पालथा घातला. काही मिळालं नाही.

लोकांनी होडी ओढत तिच्या दारासमोरच्या वाळूत आणली. तेव्हा ती रडली नाही. तिला राग आला, आणि तोही होडीचा. कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन ती होडीला बडवत सुटली. “तू तेवढी आलीस घरी? त्याला कुठं टाकून आलीस, सांग?” बायकांनी तिला धरून आत नेलं. दुसऱ्या दिवशी तिने विळीने होडीवरचं नाव खरवडून काढलं आणि नवऱ्याचा दोस्त, मढजवळच्या भाटी गावचा काशीनाथ नाखवा, त्याला बोलावून घेतलं. येईल त्या भावात होडी त्याच्या गळ्यात मारली. वर त्याला एकवीरेची शपथ घातली, की ही होडी कुठे जाते, कुणाकडे जाते, ते मला कधीच सांगायचं नाही. मी विचारलं तरी नाही, पाया पडले तरी नाही.

“आणि त्याचं कार्य?” मी विचारलं.

“नाय केलं.”

समुद्रात गेलेल्या माणसाचं कार्य कसं करतात ते तिने मला समजावलं. देह नसतो, म्हणून पिठाचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. तेव्हाही भटजी आला होता, पीठ भिजवलं होतं. तिने ते पीठ उचलून म्हशीपुढे टाकलं. “पीठ म्हंजे माझा माणूस? माझ्याच्यानं नाय झालं बाय. खोटं वाटलं. मग गावानं सोडून दिलं. कुंकू पुसायला आलेल्या बायका दारातनंच परत गेल्या.” आणि उठता उठता म्हणाली, “बोंबील खा. गार झालं.”

तर तेव्हापासून कपाळावर ते रुपयाएवढं कुंकू. मला स्वतःला ही कुंकू लावण्या-पुसण्याची प्रकरणं मुळीच पटत नाहीत. मी माझी टिकली काढली नव्हती आणि काढणारही नव्हते. पण तिच्या कुंकवाला मी नावं ठेवू शकले नाही. ती ते लावत होती कारण नवरा गेला असं तिला कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं. हट्ट तर हट्ट!

त्या दिवशी जिने चढताना तिला लागलेली धाप मी फार मनावर घेतली नव्हती. पुढल्या पावसाळ्यानंतर ती पाटावर बसल्या बसल्याच धापा टाकायला लागली. पाय सुजले. प्रतिमा तिला बोरिवलीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हृदय थकलंय, ऑपरेशन झेपायचं नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी भेटायला मनोरीला गेले तर ही अंगणात सुकट राखत बसलेली, आणि प्रतिमा रडून लाल झालेली.

“टीचर, तुम्हीच सांगा हिला,” प्रतिमा म्हणाली. “बाबांचं कार्य करून टाक म्हणते मी. किती वर्षं त्यांना लटकत ठेवणार?”

हारकूमावशी माझ्याकडे बघून म्हणाली, “मला करायचंय, बाय. मी ना कुठं म्हनते? मी अशीच गेले तर काय होईल? सवाशीण म्हनून नेतील मला. हिरवं नेसवतील, ओटी भरतील, बायका माझ्या पाया पडतील. भाग्याची म्हनतील. आणि ते खोटं! मला आत कळतंय ना, त्यो नाय येणार आता. मग मी खोटी होऊन जळू?”

“मग कर ना, आई!”

“पिठाचा नाय करणार. होडी शोध. त्यो सुकाणापाशी ज्या फळीवर बसायचा, ती फळी आणून दे. तिला अग्नी देते. ती तरी त्याला शेवटपर्यंत लागून होती.”

म्हणजे एवढी वर्षं ती रद्दीतले आणि मोबाईलमधले फोटो त्यासाठी बघत होती. मला वाटलं होतं, नुसतं वेड. मी जरा चिडूनच म्हटलं, “मग त्या काशीनाथकडे का नाही गेलीस सरळ?”

“शपथ घातलीय ना त्याला.”

“तूच घातलीस ना? तूच सोडव!”

खरं सांगते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकवीरेच्या नावाने घातलेली शपथ म्हणजे तिच्या लेखी समुद्रात टाकलेला दगड, तो परत काढायचा नसतो. “काशीनाथ सोडंल का?” ती पुटपुटली. “लई कडक हाय तो.”

काशीनाथ नाखवा खरोखरच कडक निघाला. भाटीला त्याच्या घरी आम्ही गेलो. प्रतिमा, मी आणि मधे धरून आणलेली हारकूमावशी. नाखवा ऐंशीच्या घरातला, कानाने अधू, पण ताठ. तिला बघितल्याबरोबर तो उभा राहिला. हिने विषय काढल्यावर खाली बसला.

“नाय सांगणार,” तो म्हणाला.

“मी विचारतेय ना.”

“तूच म्हणालीस, विचारलं तरी सांगू नको.”

“मरायला टेकलेय मी, नाखवा.”

“तेही म्हणालीस तू तेव्हा. मरायला टेकले तरी नको. तुला नाय आठवत, मला आठवतंय.”

मला वाटलं, आता मी या म्हाताऱ्याला काहीतरी बोलून बसणार. एवढ्यात तोच म्हणाला, “शपथ तू देवीसमोर घातलीस. देवीसमोर सोड. आणि कुणाच्या होडीची, ते नाव घेऊन सोड. मोघम नाय चालणार मला.”

प्रतिमाने माझा हात घट्ट धरला. आईने बाबांचं नाव कधीच घेतलेलं नव्हतं. त्यांच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. शाळेच्या फॉर्मवर लिहायचं होतं तेव्हासुद्धा आईने आत्याला नाव सांगायला लावलं होतं. नाखव्याच्या देव्हाऱ्यात एकवीरेचा फोटो होता. हारकूमावशी भिंतीला धरून तिथे उभी राहिली. तिने पदर सारखा केला, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. मग एकदम मोठ्याने, भांडल्यासारखी म्हणाली, “आई, हसुरामच्या होडीची शपथ सुटली!” आणि तिथेच मटकन खाली बसली.

नाखव्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “सुटली,” तो म्हणाला. “बरं केलंस. तुझं नाय, माझं ओझं उतरवलंस. बाजारात तुला बघितलं की मी रस्ता बदलायचो. माहीत असून तोंड शिवून बसायचं म्हंजे काय, तुला नाय कळणार.” मग त्याने सांगितलं, की होडी त्याने स्वतः थोडे दिवस चालवली, पण त्याचं मन लागेना. म्हणून भांडुपच्या खाडीवर शांताराम म्हणून त्याच्या बहिणीच्या सासरचा माणूस होता, त्याला दिली. “दर होळीला भांडुपला जातो मी. बहिणीकडे म्हणून जातो. होडीला हात लावून येतो.”

“चालतेय अजून?” हारकूमावशीने विचारलं.

“तुझ्या-माझ्यापेक्षा बरी चालतेय.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. प्रतिमाला घरचं सोडून येता येईना, म्हणून मी आणि हारकूमावशी. मालाडहून रिक्षा केली, आरेच्या जंगलातून पवईला निघालो आणि तिथून भांडुपला. एवढं आयुष्य मुंबईत काढून ती पूर्वेला कधी आली नव्हती. रिक्षावाल्याने हायवे ओलांडून खाडीचा रस्ता धरला तेव्हा तिने मला विचारलं, “हिकडं पन पानी हाय?” मी म्हटलं, “आहे की, ठाण्याची खाडी.” तिने रिक्षातून मान बाहेर काढून पाहिलं. मग म्हणाली, “मी रोज फेरीबोटीतनं मावळतीला बघत बसायची. ती उगवतीला गेलेली!”

वाटेत तिने मला खूण सांगितली. सुकाणाशेजारी एका फळीला भेग गेली होती. तिचा नवरा पत्रा शोधत होता, मिळाला नाही, तर हिच्या माहेरहून आलेल्या टोपाचं पितळी झाकण त्याने उचललं आणि ठोकून टाकलं तिथे. “कसली भांडले मी त्याच्याशी! चार दिवस बोलले नाय. नवीन लगीन झालेलं. मी म्हटलं, मला दाखव कसं ठोकलंयस. तर म्हनतो, बायकांनी होडीत पाय ठेवायचा नसतो. म्हटलं, माझं झाकण ठेवलेलं चालतं, मी चालत नाय?” हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता तिला इतकी धाप लागली की मी रिक्षा बाजूला घ्यायला लावली.

खाडीवर तिवरांच्या मधून एक चिखलाची वाट पाण्याकडे जात होती. शांताराम वारला होता. त्याचा मुलगा महेश आणि सून कविता होडी चालवायची. नाखव्याने फोन केलेला, त्यामुळे दोघं वाट बघत होती. चार-पाच होड्या काठाला लागलेल्या. मला सगळ्या सारख्याच दिसल्या. हारकूमावशीने मात्र कुणाला विचारलं नाही. माझा हात सोडून ती निळ्या रंगाच्या एका होडीकडे चालत गेली आणि तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. रंग नवा होता, मागे इंजिन बसवलेलं होतं. ती बोटांनी चाचपत चाचपत मागच्या टोकाला गेली, वाकली आणि आतल्या बाजूला हात घातला. झाकण तिथेच होतं, काळंहिरवं पडलेलं, कडेकडेने खिळे मारलेलं.

मला वाटलं आता ही कोसळणार. पण नाही. तिने त्या झाकणावर दोन चापट्या मारल्या, जशी ती लहान मुलांच्या पाठीत मारायची तशा.

महेश भला मुलगा. म्हणाला, “मावशी, नाखवामामांनी सांगितलंय सगळं. ही फळी ना? काढून देतो आत्ता. दुसरी बसवू आम्ही.” तो हत्यारं घेऊनच आला होता. कविता मात्र होडीत चढून सुकाणापाशी जाऊन बसली, त्या फळीवरच, पाणी उपसायला. ओट्यावर बसावं तशी बसली होती. पायाशी बादलीत निवट्या आणि चिंबोऱ्या वळवळत होत्या.

“तू बसतेस हितं?” हारकूमावशीने तिला विचारलं.

“मीच बसते. जाळं हे बघतात, सुकाण मी धरते. आमच्याकडे दोघंच असतो ना.”

“तुला कुणी नाय म्हनत नाय? होडीत बायको?”

कविता हसली. “कोण म्हणणार? मी नाही आले तर होडी जाणारच नाही.”

महेशने छिन्नी फळीच्या कडेला लावली. हारकूमावशीने त्याचा हात धरला. “ऱ्हाऊ दे.”

“अहो मावशी, खरंच काही अडचण नाही...”

“बसती फळी हाय ती. माणूस बसतंय तिच्यावर. जाळू कशी?” मग कवितेला म्हणाली, “पोरी, मला घेशील आत? एक चक्कर?”

भरती लागेपर्यंत आम्ही तिवरांच्या सावलीत थांबलो. मी तिला हळूच म्हटलं, “अगं, मग कार्याचं काय? एवढी आलीस कशाला मग?” ती माझ्यावर खेकसली, “गप बस, मास्तरीण!”

पाणी चढल्यावर महेशने तिला अक्षरशः उचलून होडीत ठेवलं. कविता उठली आणि तिने आपली जागा तिला दिली. हारकूमावशी त्या फळीवर बसली. आधी जरा कडेला, पाहुणी बसते तशी. मग नीट सरकून. मी गेले नाही, मला पाण्याची भीती वाटते, आणि खरं तर तिथे माझं कामही नव्हतं. होडी तिवरांच्या मागे वळून दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने इंजिनाचा आवाज बंद पडल्याचं ऐकू आलं. कितीतरी वेळ आवाज नाही. मला धडकी भरली. रिक्षावाला म्हणाला, “कुछ हुआ क्या मैडम?” मी म्हटलं, “नहीं, नहीं.” मग इंजिन पुन्हा सुरू झालं.

होडी काठाला आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखूच येईना. कपाळ मोकळं होतं. स्वच्छ धुतलेलं. कुंकवाच्या जागी तेवढीच गोल, फिकी कातडी होती, जिला बहुतेक तिच्या तरुणपणापासून ऊन लागलं नव्हतं. हातात बांगडी नव्हती.

कविता रडत होती. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, “काही बोलल्या नाहीत हो. इंजिन बंद कर म्हणाल्या. एक एक बांगडी काढून पाण्यात सोडली. मग ओंजळीने पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. किती वेळ धूत होत्या. मग म्हणाल्या, फिरव आता.”

हारकूमावशी मला म्हणाली, “चल. भूक लागली मला.”

वाटेत आम्ही वडापाव खाल्ला. तिने दोन खाल्ले. पुढे ती फार दिवस राहिली नाही. ती गेली तेव्हा मी पुण्याला मुलीकडे होते, मला पोचता आलं नाही. प्रतिमाने फोनवर सांगितलं की आईला साधं पांढरं नेसवलं, तिने बजावलं होतं तसं, आणि ओटी भरू दिली नाही. त्यामुळे मी तिला शेवटची पाहिली ती त्या भांडुपच्या दिवशीच, संध्याकाळी, मार्व्याच्या धक्क्यावर.

मी म्हटलं होतं, मनोरीपर्यंत येते सोडायला. तिने ऐकलं नाही. “प्रतिमा येतेय पल्याड उतरवायला. तू जा, अंधार पडेल.” ती फळकुटावरून एकटीच फेरीबोटीत चढली, प्रत्येक पावलाला थांबत. मी धक्क्याच्या कठड्याला धरून उभी होते, त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू येत होतं. दारापाशी एक म्हातारी कोळीण रिकामी पाटी घेऊन बसली होती. मनोरीची नसावी, गोराईकडची असेल, कारण हिला ओळखत नव्हती. तिने हिचं उघडं कपाळ पाहिलं, मोकळे हात पाहिले, आणि लगबगीने उठून तिने आपली जागा दिली. हिला धरून बसवलं. पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “कवा गेला गो?”

हारकूमावशी म्हणाली, “आज.”